उचललेल्या खांद्याचा बदाम

"ही कोण?" बाईनं विचारलं.

शवागाराच्या खोलीत तेव्हा चारच माणसं होती. विचारणारी बाई, तिचा भाऊ, रजिस्टर सांभाळणारा थंडोबा आणि स्टीलच्या टेबलावर गळ्यापर्यंत चादर घेतलेला बाईचा नवरा. त्यामुळे थंडोबानं आधी मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंतीवरचं तापमापक होतं. चार अंश दाखवत होतं.

"कोण म्हणजे?"

"जिनं हे बांधलंय ती." बाईनं चादरीबाहेर आलेल्या मनगटाकडे बोट केलं.

मनगटावर नंबराचा पुठ्ठ्याचा बिल्ला होता. बिल्ला पांढऱ्या दोऱ्यानं बांधला होता आणि दोऱ्याला लेसचा एक बदाम होता. नखाएवढ्या कड्या, कडीला कडी जोडलेली, वर दोन खांदे, खाली टोक. पत्त्यांत असतो तसाच बदाम, फक्त पांढरा आणि डाव्या खांद्याला जरा उचललेला.

"चार वर्षं घराकडे फिरकला नाही," बाई म्हणाली. "आता कळलं कुठे होता ते."

"ताई, मी तेव्हाच म्हणालो होतो, दाजींचं काहीतरी आहे."

"तू म्हणाला होतास, रस्ता चुकले असतील."

"तेच. रस्ता चुकण्याचेही प्रकार असतात."

थंडोबानं सहीसाठी पुढे केलेलं पेन बाईनं टेबलावर ठेवलं. नवऱ्याच्या पायांपाशीच, पण सरळ रेषेत. ती नीटनेटकी बाई होती.

"जिचा बदाम आहे तिला बोलवा. ती घेऊन जाईल."

"पण ओळख तर पटली ना तुम्हाला?"

"पटली म्हणूनच नेत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. हा माणूस इथे आल्याचा आज नववा दिवस. चार वाजता पालिकेची गाडी येणार आणि ज्यांना न्यायला कुणी नाही अशांना एकत्र घेऊन जाणार. खिशातल्या एका जुन्या पावतीवरून पोलिसांनी या बाईचा पत्ता आज सकाळी शोधून काढला, नाहीतर हा गृहस्थ केव्हाच गाडीच्या यादीत होता.

थंडोबाचं खरं नाव कुणी वापरत नसे. सव्वीस वर्षं चार अंशांत नोकरी केल्यावर माणसाला दुसरं काय म्हणणार? तीन वर्षांपूर्वी त्यानं तंबाखू सोडली आणि त्याचे हात मोकळे पडले. मोकळे हात सारखे खिशाकडे जायचे. तेव्हा मुलीनं त्याला टॅटिंगचा, म्हणजे गाठी मारून लेस विणण्याचा, एक व्हिडिओ लावून दिला. "बाबा, शटल आणि दोरा, बस्स. नमुने फुकट मिळतात."

फुकट म्हटल्यावर त्यानं पंधरा नमुने छापून घेतले. त्यातला एकच जमला, बदामाचा. त्या नमुन्यात एक चूक होती. डाव्या खांद्याच्या कडीत चारऐवजी पाच गाठी छापल्या होत्या. खाली लिहिलं होतं, चूक आढळल्यास कळवावे. त्यानं कळवलं. उत्तर आलं नाही. फुकटच्या बदामासाठी दुसरं पत्र लिहिणं त्याला बरं दिसेना. तेव्हापासून तो इमानानं पाच गाठी घालत आला.

टीव्हीवर बदाम झाले, फ्रीजवर झाले, जावयाच्या गाडीत झाले. उशीवर बदाम सापडला तेव्हा बायकोनं सांगितलं, "यापुढे घरात एक तर बदाम राहील, नाहीतर मी." मग तो बदाम कामावर आणू लागला. इथे बिल्ले सुतळीनं बांधायची पद्धत होती. ज्यांची माणसं यायची त्यांच्या हातात काही ना काही असायचं, अंगठी, बांगडी, घड्याळाखाली राहिलेला गोरा पट्टा. बेवारस असतील त्यांच्या हातात नुसती सुतळी. त्यांना बदाम दिले तर तक्रार करायला कुणी येणार नव्हतं.

तक्रार झालीच. ती अधीक्षकांनी केली. अधीक्षक बोलायचे तेसुद्धा क्रमांक आणि विषय घालून बोलल्यासारखं, म्हणून सगळे त्यांना परिपत्रक म्हणत. गेल्या तपासणीत त्यांना एक बदाम दिसला आणि लेखी ताकीद निघाली: मृतदेहांस शोभेच्या वस्तू लावू नयेत, पुन्हा आढळल्यास संबंधिताची बदली केसपेपरच्या खिडकीवर करण्यात येईल.

केसपेपरची खिडकी म्हणजे दिवसाला सहाशे जिवंत माणसं. सगळी आजारी आणि सगळी आधी आलेली. नुसत्या कल्पनेनं थंडोबाला घाम फुटला होता. चार अंशांत.

आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. चार वाजता गाडी आली असती, बदाम गेला असता, पुरावाही गेला असता.

"बदाम माझा आहे," थंडोबा म्हणाला.

भावानं एकदा थंडोबाकडे पाहिलं, एकदा दाजींकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही दोघं..."

"तसं नाही. इथे आणल्यावर मी बांधला. ज्यांना कुणी नाही त्यांना बांधतो."

"आणि तुम्हाला कोण करून देतं हे?"

"मीच करतो."

भाऊ हसला. शवागारात हसू नये हे लक्षात येऊन खोकला. "ताई, हे त्या बाईला सांभाळून घेतायत. ओळखीची असणार यांच्या."

"करून दाखवा," बाई म्हणाली. तिनं खोलीतली एकमेव खुर्ची ओढली आणि ती नवऱ्याच्या उशाशी बसली.

थंडोबानं खणातून शटल काढलं. बोटभर लांबीची होडी, पोटात दोरा. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा ताणला आणि उजव्या हातानं होडी त्याच्या वरून आणि खालून नेऊ लागला. पहिली गाठ फसली. बघणारी माणसं असण्याची त्याच्या हातांना सवय नव्हती. इथे बघणारं कुणी नसायचं, असायचे ते बघत नसत.

दुसरी कडी होत होती तेव्हा अधीक्षक आले.

"हे काय चाललंय?"

"पुरावा," भाऊ म्हणाला.

"कशाचा?"

"यांनी गुन्हा केल्याचा. अजून सिद्ध व्हायचाय."

अधीक्षकांनी टेबलावरचं मनगट पाहिलं, थंडोबाचे हात पाहिले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. अर्धवट काम थांबवणं त्यांच्याही स्वभावात नव्हतं. अशी चाळीस मिनिटं गेली. तीन जिवंत माणसं एका माणसाला लेस करताना बघत होती आणि चौथा माणूस छताकडे तोंड करून पडला होता. मधे एकदा अधीक्षकांनी विचारलं, "कडी बंद केल्यावर उसवता येते?"

"नाही, साहेब. कापावी लागते."

"नोंद घेतो."

बदाम झाला. थंडोबानं तो बाईच्या हातावर ठेवला. बाईनं चष्मा लावला आणि तो नवऱ्याच्या मनगटापाशी नेला. दोन्ही बदामांचा डावा खांदा सारखाच उचललेला होता, माणूस "काय माहीत" म्हणताना उचलतो तसा.

"याचा खांदा असा वाकडा का आहे?"

"नमुन्यातच चूक आहे. फुकटचा नमुना आहे."

बाईनं चष्मा काढला.

"म्हणजे कुणी नव्हतं," ती म्हणाली.

"सुटलो, ताई." भावाला मोकळं वाटलं. "मी म्हणतच होतो, दाजी तसे नव्हते."

"चार वर्षं कुणीच नव्हतं?"

हे ती थंडोबाला विचारत होती. थंडोबानं रजिस्टर उघडलं, कारण त्याला दुसरीकडे कुठे बघायला जागा नव्हती. सापडल्याचं ठिकाण: बसस्थानकामागचा बाक. सोबत: कुणी नाही. वस्तू: कंगवा, एका काचेचा चष्मा, किल्ली, जुनी पावती (पोलिसांकडे).

"किल्ली बघू."

त्यानं पाकिटातून काढून दिली. पितळी, दांड्याला लाल दोरा गुंडाळलेली. बाईनं ती एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली.

"आपण कुलूप कधी बदललं?" तिनं भावाला विचारलं.

भाऊ घड्याळाकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या वर्षी. चोऱ्या व्हायला लागल्या होत्या ना."

"कुणाकडे झाली होती चोरी?"

"म्हणजे व्हायला लागल्या होत्या असं लोक म्हणत होते."

शीतयंत्र घरघरत सुरू झालं आणि तेवढ्यापुरतं सगळ्यांना बरं वाटलं. बाईनं किल्ली मुठीत घेतली.

"हा त्याच्यासाठीच केला होता तुम्ही?" तिनं मनगटावरच्या बदामाकडे बघत विचारलं.

खणात औषधाच्या डबीत तयार बदाम अकरा होते. हा त्यांतलाच बारावा. महिन्यापूर्वी चहाच्या सुट्टीत झालेला. तेव्हा हा माणूस कुठल्यातरी बाकावर जिवंत बसलेला होता. सव्वीस वर्षांत थंडोबानं या रजिस्टरात एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "यांच्यासाठीच."

"खास या मृतदेहासाठी?" भिंतीपाशी अधीक्षक सरळ झाले. "हे लेखी द्याल?"

थंडोबानं बाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"देतो."

त्यानं कागदावर लिहून दिलं की सदर बदाम त्यानं सदर इसमासाठीच, त्याला पाहून, स्वतःच्या हातानं केला. अधीक्षकांनी कागद वाचला.

"म्हणजे हेतुपुरस्सर," ते म्हणाले. "सवयीनं केला असता तर ताकीद देऊन सोडता आलं असतं." त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. त्यांनी शटल, दोरा, औषधाची डबी आणि नवा बदाम एका पाकिटात घातला आणि वर लिहिलं: लेसचे बदाम, नग बारा. "सोमवारपासून केसपेपरच्या खिडकीवर. सकाळी साडेसात."

बाईनं सही केली. भाऊ बिल्ला कापायला कात्री मागू लागला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. नंबर काढ, बदाम राहू दे."

चार वाजता गाडी आली आणि बाकीच्यांना घेऊन गेली. त्याआधी दहा मिनिटं बाई नवऱ्याला घेऊन गेली होती. जाताना तिनं थंडोबाचे आभार मानले नाहीत. दारातून मात्र एकदा मागे वळून त्याच्या हातांकडे बघितलं.

पाच वाजता एक म्हातारा आला. पुलाखाली सापडलेला, खिशात काही नाही, सोबत कुणी नाही. थंडोबानं रजिस्टरात नोंद केली आणि बिल्ल्यावर नंबर घातला. खण उघडला. खणात सुतळीचं रीळ होतं. त्यानं वीतभर सुतळी कापली आणि दोन बोटांत धरून चोळू लागला. तिचे उभे राहिलेले तंतू एकेक करून बसवले, थुंकी लावून पुन्हा चोळली. साडेपाचला घरी जायची वेळ झाली. सुतळी अजून पुरती नरम झाली नव्हती, म्हणून तो बसून राहिला.