आईच्या कडव्याचा झोका

मित्रांनो, कौशल्याबाईंच्या उशाशी जो काळा हेडफोन पडलेला दिसतो, तो मी. माझी डावी बाजू मुकी झाली आहे. कानांवरची रेक्झिनची कातडी केव्हाच सोलून गेली. त्यांच्या सुनेने, ऋतुजाने, जुन्या दुपट्ट्याच्या खोळी शिवून घातल्या आहेत, म्हणून निदान चारचौघांत बसायची लाज वाटत नाही. थकलोय हो आता. पण सांगायचं एकदा सांगून टाकतो.

एका कारखान्यात मी जन्मलो आणि नारायण पेठेतल्या दुकानातून श्रीधरच्या वारज्याच्या घरी आलो. श्रीधर दिवसभर कंपनीत कोड लिहायचा आणि सुट्टीच्या दिवशी झोपायच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायचा. कपाटाची दारं उघडून त्यांवर गोधड्या टाकल्या, पंखा बंद केला, की झाला स्टुडिओ! अकरा वर्षं मी त्याच्या घामाने भिजलो. सोसायटीचं गणपतीचं गाणं तयार झालं तेव्हा सगळ्यांनी माइकचं कौतुक केलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. चालायचंच.

श्रीधरला एकच वेड होतं, आवाज फिरवायचं. बासरी डाव्या कानात सुरू करायची आणि डोक्यातून सरकवत उजव्या कानात न्यायची. पडद्यावर तो माउसने एक रेघ ओढायचा. रेघ वर गेली की आवाज डावीकडे, खाली आली की उजवीकडे. तासन्‌तास ती रेघ खालीवर करत बसायचा आणि दोन्ही बाजूंनी राबायचो मी.

मग त्याला मुलगी झाली. बारशाला घरच्या बायकांनी रचलेला पाळणा म्हणायची त्यांच्याकडे रीत. या वेळी श्रीधरने तो आधी रेकॉर्ड करून हॉलमध्ये लावायचं ठरवलं. एक कडवं ऋतुजाचं, एक तिच्या आईचं, प्रेमलाबाईंचं, आणि शेवटचं त्याच्या आईचं, म्हणजे कौशल्याबाईंचं. त्यांनी ते आठ दिवस खपून स्वतः रचलं होतं. गाताना त्यांनी मला डाव्या कानावरून मागे सरकवलं. मुरलेले गाणारे स्वतःचा आवाज ऐकायला एक कान मोकळा ठेवतात, म्हणून श्रीधरला कोण कौतुक वाटलं. मला मात्र तेव्हाच कळायला हवं होतं.

सगळ्यात जास्त कष्ट श्रीधरने आईच्याच कडव्यावर घेतले. दोघींचे आवाज त्याने मध्यभागी ठेवले. आईच्या आवाजाला मात्र पाळण्यासारखा एक लांब, संथ झोका दिला. आवाज पार डाव्या टोकाला सुरू व्हायचा आणि शेवटच्या ‘जोजो’ला हळूच उजवीकडे यायचा. मग मोठ्या हौसेने त्याने मला आईच्या कानांवर चढवलं.

कौशल्याबाईंनी पूर्ण ऐकलं आणि मला काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, “माझं कडवं काढलंस होय? बरं केलंस. म्हाताऱ्या आवाजाने बाळ दचकलं असतं.”

आहे गं त्यात, असं श्रीधर परोपरीने सांगत राहिला. पेटी वाजत होती, ऋतुजाच्या कडव्यासारखंच सगळं होतं, फक्त आपला आवाज नाही, हे त्यांनी स्वतः ऐकलं होतं; शेवटी एक ‘जोजो’ तेवढा आला, तो त्यांना ऋतुजाचाच वाटला. मुलगा तोंडावर खोटं बोलतोय असं वाटून त्या उठून गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्यासुद्धा नाहीत. मला काय वाटलं म्हणून सांगू! आवाज माझ्या डाव्या बाजूला जिवंत होता आणि मला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, श्रीधर कामावर गेल्यावर, त्या ऋतुजाला म्हणाल्या, पुन्हा एकदा लाव. घाईत त्यांनी मला उलटा घातला, माझी डावी बाजू त्यांच्या उजव्या कानावर. आणि कडवं आलं! पहिल्या शब्दापासून आलं. त्यांनी मला सुलट केलं, आवाज गेला. परत उलटा केला, आला. डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, हे त्यांनी घरात सगळ्यांपासून लपवलं होतं. ऋतुजाला काय ते समजलं.

“श्रीला सांगू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “बारसं होऊ दे.”

ऋतुजाने संध्याकाळीच सांगितलं. श्रीधरने संगणक लावला आणि ती रेघ, जिच्यासाठी तीन रविवार घालवले होते, ती सरळ मध्यावर आणून ठेवली. झोका फक्त मागे घातलेल्या पाळण्याच्या कड्यांच्या करकरीला राहू दिला. मग तो आईच्या उजव्या हाताला जाऊन बसला आणि विचारलं, “कधीपासून?”

“झाली असतील सात वर्षं. सांगून काय, नवा कान आणणार होतास?”

श्रीधर रडला. बारशाला कौशल्याबाईंनी आपलं कडवं पूर्ण ऐकलं, वर ‘शेवटी जरा बेसूर झालेय’ अशी टीकाही केली.

पुढे माझी डावीकडची वायर तुटली. नवा हेडफोन आला आणि मी भंगाराच्या पिशवीत गेलो. तिथून कौशल्याबाईंनी मला बाहेर काढलं. त्या म्हणाल्या, माझ्यापुरता हा अख्खा आहे.

तर मित्रांनो, वस्तू जपा, हे तर मी सांगणारच, म्हातारा झालोय. पण घरातलं एखादं माणूस बोलण्याकडे लक्ष देत नाही असं वाटलं, तर रागावण्याआधी उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा. श्रीधरला हे कळायला सात वर्षं लागली. आता त्याची खुर्ची कायम आईच्या उजवीकडेच असते.