छतातला दिवा

ढोकीच्या रस्त्यावर महेबूबभाईंचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. त्यांचे गुडघे धरले तसं बाहेरचं काम पोरगी सानियाच बघू लागली. येडशीहून पौर्णिमाताईंचा फोन आला, तेव्हा जीपची चार्ज केलेली बॅटरी घेऊन तीच निघाली.

पौर्णिमाताईंचा नवरा राजपाल पावसाळ्यात याच जीपच्या स्टिअरिंगवर मान टाकून गेला होता. तेव्हापासून बॅटरी रोज सकाळी मेलेली असायची. नवी आणली, तीही तशीच.

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचं ऊन तिरपं आलं होतं. राजपालची आई सरुबाई जीपच्या बॉनेटवर मेणबत्ती लावून उभ्या होत्या.

"मावशी, ती लांब ठेवा. बॅटरीत गॅस धरतो, भडका उडंल."

सरुबाईंनी मेणबत्ती उचलली, पण हलल्या नाहीत. "रातचं त्यो येऊन बसतो, बाई. आत उजेड दिसतो मला."

पौर्णिमाताईंनी मान फिरवली.

सानियानं हातातल्या बांगड्या काढल्या, चष्मा चढवला, बॅटरी बसवली. जीप सुरू झाली. मीटरवर चौदा व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर चांगला होता. चार्जिंग होत होतं, पण गाडी बंद असताना कुणीतरी ते पीत होतं. तिनं इंजिन बंद केलं, चावी काढली, मायनसची वायर सोडून मधे मीटर जोडला. काटा हलला, म्हणजे करंट कुठंतरी जात होता. डोकावून बघितलं तर छतातला दिवा मिणमिणत होता. दार लावलं तरी विझेना. दाराचं बटण गंजून अडकलं होतं.

"सापडलं, ताई! हाच दिवा रातभर जळतो. मावशींना दिसतो त्यो उजेड हाच."

पौर्णिमाताईंनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. सरुबाई मात्र जीपच्या आतच बघत राहिल्या.

बटणाला हात घालायच्या आधी सानियानं मीटरच्या दोन्ही वायरी काढल्या. मायनसची केबल बॅटरीपासून हातभर लांब, फडक्यावर पडलेली. आता गाडीत करंट असायचं कारणच नव्हतं.

दिवा जळतच होता.

तिनं डोळे चोळले. केबल पुन्हा बघितली. ड्रायव्हरच्या सीटचं रेक्झिन दबलेलं होतं, कुणी बसल्यावर दबतं तसं. तिनं पौर्णिमाताईंकडं बघितलं, तर त्यांचा हात तोंडावर गेला होता.

"राजा, या पोरीला काम करू दे," सरुबाई हळूच म्हणाल्या. "पौर्णिमाला रोज कामाला जायचंय."

दिवा विझला. सीटचं रेक्झिन चर्र करत वर आलं.

सानियानं बटण घासून साफ केलं, वायर जोडली, तपासलं. आता काटा हलत नव्हता. त्या दिवसापासून जीप रोज पहिल्या फटक्यात सुरू होते. सरुबाई पुन्हा शेडकडं गेल्या नाहीत. दोन-तीन रात्री त्यांनी अंधाराकडं बघत काढल्या, मग लवकर झोपायला लागल्या.

सानियानं हे फक्त अब्बांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"बेटा, दिवा विझला तेव्हा राजपालच्या बाजूचं दार उघडं होतं का? बंद असेल तर तो उतरला कुठून?"

सानियानं खूप आठवून बघितलं. तिला आठवेना.