खंडूबाबांचा कॅसेट डेक

प्रबुद्धने नाहूरच्या घरात सहा वर्षं पोटाला चिमटा काढून एकाच कंपनीची सिस्टिम जमवली. स्पीकर, सीडी प्लेयर, अगदी वायरसुद्धा त्यांचीच. वेगळ्या कंपनीचा होता तो फक्त वडिलांचा, खंडूबाबांचा, जुना कॅसेट डेक. भीमजयंतीला माहुलच्या वस्तीत खंडूबाबांनी गायलेली गाणी त्याच्यावर वाजायची. बाबा गेले, पण कॅसेटी राहिल्या.

गेल्याच वर्षी घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची एक बाजू मुकी झाली, म्हणून कंपनीचा इंजिनीअर आला. झाकण न उघडताच त्याने डेककडे बोट दाखवलं.

"हे जोडलंत ना, वॉरंटी गेली. आमच्या सिस्टिममध्ये बाहेरचं चालत नाही."

प्रबुद्धच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, उघडून तरी बघ! न बघताच दोष याचा?"

"नियम आहे, साहेब. आधी हे बाहेर ठेवा, मगच मी हात लावतो."

प्रबुद्ध डेकसमोर आडवा उभा राहिला.

"गावच्या हॉटेलात माझ्या बाबांचा चहाचा कप बाहेर ठेवलेला असायचा. माझ्या घरात त्यांचा आवाज बाहेर जाणार नाही. काही ठेवायचंच असेल, तर तुझा हा अ‍ॅम्प्लिफायर ठेव बाहेर."