नदीची पुरवणी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे ‘कधी मिळेल?’ ताईच्या कानांना त्याची सवय झाली होती. मागच्या खोलीत यंत्रावर काचेची कड घासता घासता ती नुसत्या आवाजावरून ओळखायची की हा माणूस उद्यापर्यंत दम धरेल, आणि हा आज घेतल्याशिवाय जागचा हलणार नाही. दुकानात तिला लहानथोर सगळेच ताई म्हणत. घरी ती खरोखरचीच ताई होती, एका धाकट्या भावाची.

आणि घरी हाच प्रश्न तोंडातून काढायची चोरी होती.

भावाला एका जुन्या खेळाचं वेड होतं. कॉम्प्युटरवर बोटी चालवायच्या, माल चढवायचा, उतरवायचा, असा तो खेळ. मूळ खेळात नुसता समुद्र होता. भावाला त्यात नदी हवी होती, उगमापासून मुखापर्यंत, पूल, धक्के, पाण्याची पातळी वर-खाली करणारे दरवाजे, सगळं. अशी घरी बसून केलेली आणि फुकट वाटलेली जोड म्हणजे त्या मंडळींच्या भाषेत ‘पुरवणी’. परीक्षेत ज्याला काही येत नाही तोच पुरवण्या घेत सुटतो, असं ताई एकदा म्हणाली होती. तो हसला नव्हता.

थोड्या दिवसांचंच काम आहे म्हणून त्याने नकाशे काढायच्या कचेरीतली नोकरी सोडली. ते थोडे दिवस संपायचं नाव घेईनात. आधी तो जेवायला तरी खोलीबाहेर यायचा, पुढे ताट आत न्यायला लागला. थोरल्या मुलाकडे राहायला गेलेली आई रोज फोन करायची आणि तिचाही एकच प्रश्न असायचा, “बाहेर आला का गं तो?” ताईने एकदाच, अगदी सहज, “कधी संपणार रे तुझी नदी?” असं विचारलं, तर पठ्ठ्याने चमचा खाली ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याशी चकार शब्द बोलला नाही. तेव्हापासून त्या घरात नळाला पाणी कधी येणार हेसुद्धा आडवळणाने विचारलं जाई.

घरी विचारायची सोय नव्हती, म्हणून ताईने दुसरी वाट काढली. त्या खेळाच्या वेड्यांचा इंटरनेटवर एक फोरम, म्हणजे गप्पांचा अड्डा होता. भाऊ तिथे ‘नावाडी’ या नावाने नदीची चित्रं टाकायचा. सुरुवातीला तिकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. एका रिकाम्या काठाचं चित्र असंच बेवारस पडून होतं, कोणी वाह नाही की छी नाही. ताईने ‘चुळबुळ’ असं नाव घेतलं आणि त्याखाली लिहिलं, ‘सुंदर. कधी?’ भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या दिवशी तो आपणहून जेवायला बाहेर आला, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरलासुद्धा. ताईला केवढा आनंद झाला होता.

मग तिने नेमच धरला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, शटरपाशी उभं राहून चुळबुळ विचारणार, ‘नदी कुठवर आली? कधी?’ तिने तो खेळ एकदाही उघडला नव्हता. नदी आली काय आणि नाही आली काय, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नदी संपली की भाऊ खोलीबाहेर येईल, एवढा सरळ हिशेब होता तिचा.

हळूहळू फोरमवर गर्दी झाली, आणि गर्दीने चुळबुळीचा ‘कधी?’ उचलला. गंमत म्हणून उचलला आणि मग गंमत राहिली नाही. शेकडो लोक देव पाण्यात घालून बसले होते. त्यांत ‘तोफ’ नावाचा एक महाभाग तर नावाप्रमाणेच होता. ‘नुसती चित्रं दाखवून किती दिवस झुलवणार? फुकट देतोस म्हणजे उपकार करतोस का?’ असं लिहायचा, आणि त्याच्यामागे बाकीचे री ओढायचे. एक दमडी न देता एवढा रुबाब करायला जिगर लागते. ताई ते सगळं वाचायची. हे खूळ तिनेच लावलं होतं.

त्या दुपारी एक निवृत्त मास्तर काउंटरवर बोटं वाजवत उभे होते. त्यांच्या चष्म्याची दुसरी काच ताईने यंत्राला लावली, आणि खिशातला फोन थरथरला. नावाड्याने दोनच शब्द लिहिले होते.

‘माझं झालं.’

खाली फोरमवर फटाके फुटायचेच बाकी होते. ‘झालं! झालं!’ ‘जिंकलास गड्या!’ ‘मी आज कामावरून पळतो!’ तोफेनेही लिहिलं होतं, ‘चला, एकदाचं उरकलं. टाक लवकर.’

ताई मात्र ते दोन शब्द पुन्हा वाचत राहिली. काच यंत्रावरच राहिली आणि कडेचा टवका उडाला.

हे दोन शब्द ती तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखत होती. ताट अर्धवट सरकवून तो ‘माझं झालं’ म्हणाला की मग वाढण्यात अर्थ नसे. पोहायला जायचा, एक दिवस टॉवेल कोपऱ्यात फेकून म्हणाला, ‘माझं झालं’, आणि पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. गिटार तशीच गेली. नोकरी तशीच गेली. शिवाय काम पुरं झालं असतं तर तो ‘झाली’ म्हणाला असता. नदी झाली, पुरवणी झाली. एवढ्या गर्दीत एकाच्याही ते लक्षात येऊ नये?

“ताई, काच फुटली वाटतं,” मास्तर बाहेरून म्हणाले. “मग आता कधी?”

“मला घरी जायचंय,” ती मालकांना म्हणाली. तिचा चेहरा बघून मालकांनी “जा” म्हटलं. मास्तरांना तेच खुर्ची देऊ लागले.

तिने भावाला फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. पुन्हा लावला. बस भरलेली होती, एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने ती फोरम वाचत होती, आणि फोरमचा नूर स्टॉपागणिक पालटत होता. ‘फाइल कुठे आहे?’ ‘मला एकट्यालाच दिसत नाही का?’ ‘अरे झालं म्हणालास ना?’ मग तोफेचा आवाज चढला, ‘पुन्हा बनवलं आपल्याला.’ पुढचं वाचवेना. डोक्यात नको नको ते विचार यायला लागले होते. पुढच्या सिग्नलला बस अडली तेव्हा तिने ड्रायव्हरला दार उघडायला लावलं आणि उरलेला रस्ता पळत काढला.

तिने कुलूप उघडलं. भावाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तो आत खुर्चीत बसला होता, पाठमोरा, धडधाकट. ताई चौकटीला टेकली.

“लवकर आलीस,” तो मागे न बघता म्हणाला.

“फोन का उचलत नाहीस?”

“हात गुंतलेत.”

“काय करतोयस?”

“पुसतोय.”

स्क्रीनवर एक पट्टी भरत चालली होती. भरली की गायब होई आणि नवी सुरू होई. घाई नाही, राग नाही, भांडी विसळावीत तसं चाललं होतं त्याचं.

“वेडा आहेस का? अरे, एवढ्या वर्षांचं काम आहे ते.”

“ताई, माझं झालं.”

“त्या तोफेच्या बोलण्यावरून?”

“तोफेला कोण विचारतो?” आता तो वळला. दाढी वाढलेली होती, डोळे लाल होते, पण आवाज शांत होता, आणि तेच तिला भीतीदायक वाटलं. “मी दमलो. पूल उभा केला की दरवाजा अडतो. दरवाजा सोडवला की पाणी पुलावरून जातं. ते नीट केलं की बोट काठावर चढते. रोज उठून तेच. नाही होत माझ्याच्याने.”

“मग जशी आहे तशी दे ना. अर्धवट तर अर्धवट.”

“अर्धवट नाही देत मी. त्यांना तर नाहीच.” तो पुन्हा स्क्रीनकडे वळला. “आता एकच प्रत राहिलीय. ती एकाला पाठवतो आणि मग पुसतो.”

“कोणाला?”

“तू नाही ओळखत. फोरमवर आहे एक, चुळबुळ म्हणून.”

ताईचा हात आपोआप पर्सकडे गेला. फोन आत होता, कुठेतरी डब्याच्या आणि छत्रीच्या खाली, आणि त्याचा आवाज तिने बसमध्ये मोठा करून ठेवला होता.

“त्याला कशाला?” तिला स्वतःचा आवाज परका वाटला. “तोच तर डोकं खातो ना तुझं? रोज कधी, कधी?”

“बाकीचे खातात. तो नाही.” भाऊ टाइप करत होता. “कोणी विचारत नव्हतं ना ताई, तेव्हा तो विचारायचा. मी वाट बघायचो सकाळची. वाटायचं, कुठेतरी एक माणूस आहे, त्याला डोळे उघडल्याबरोबर माझी नदी आठवते. ओळख ना पाळख. मध्येच सोडणार होतो मी, दोनतीनदा. त्याच्यासाठी नाही सोडली. आता जमत नाही, पण त्याची तेवढी त्याला देऊन टाकतो.”

आत्ता सांगावं, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, सांगितलं तर याच्याजवळ राहिलं काय? पर्समध्ये बोटं फोन शोधत होती आणि हाताला छत्रीची मूठ लागत होती.

“नको पाठवूस,” ती म्हणाली.

“का?”

त्याने पाठवली, आणि लगेच उरलेली प्रतही पुसली. शेवटची पट्टी भरली आणि नाहीशी झाली.

ताईच्या पर्समध्ये फोन वाजला.

भाऊ स्क्रीनकडेच बघत होता. “बघ ना, कोणाचा आहे.”

“दुकानातून असेल.”

“बघ तरी.”

ती हलली नाही. त्याने तिच्याकडे न बघता कीबोर्डवर दोनच शब्द लिहिले, आणि ते तिला दारातूनही वाचता आले. ‘पोचली का?’

पर्समध्ये फोन पुन्हा वाजला.

त्याने हात पुढे केला. डबा, छत्री, सगळं जमिनीवर काढून ठेवत तिने फोन शोधला आणि त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ वाचत राहिला. अंगठ्याने मागे, मागे, अगदी त्या रिकाम्या काठाच्या चित्रापर्यंत गेला.

“पहिल्यापासून तूच?”

“हो.”

“सगळे?”

“बाकीचे खरे आहेत रे. शेकडो आहेत.”

“बाकीच्यांचं नाही विचारलं मी.” त्याने फोन तिला परत दिला. “खेळलीस तरी का कधी?”

“नाही.”

“मग कशाला हवी होती तुला नदी?”

“मला नदी नको होती,” ती म्हणाली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ते जमलं नाही. “तू बाहेर यायला हवा होतास.”

तो हसला, कोरडं, नाकातल्या नाकात. मग उठला, तिच्या बाजूने वाट काढून बाहेरच्या खोलीत गेला आणि टेबलापाशी, नवख्या घरात पाहुणा उभा राहतो तसा उभा राहिला.

“हा आलो बाहेर. तुला हवं होतं ते झालं. आता तेवढी तीही पुसून टाक.”

तिने फोनकडे पाहिलं. फोरम जुनाट होता, त्यावरून एकदा पाठवलेलं पाठवणाऱ्याला परत घेता येत नसे. आता ती नदी जगात फक्त तिच्या हातात होती, आणि फोन विचारत होता, फाइल घ्यायची की नाकारायची. ‘बाहेर आला’ असं ज्याच्याबद्दल आईला फोनवर सांगायची तिला रोज आस होती, तो समोर उभा होता, भर दुपारी, खोलीबाहेर. एक बोट टेकवलं की सगळंच मिटत होतं, आणि त्याचं पुन्हा आत जायचं कारणही मिटत होतं.

तिने ‘घ्या’वर बोट ठेवलं.

“ताई.” तो दोन पावलं पुढे आला. “तुला खेळता येत नाही, तुला ती नकोय. काय करणारेस ठेवून?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “पण रोज मागत मीच होते ना. आता तू दिलीस, तर नको कशी म्हणू?”

तो खुर्ची ओढून टेबलाशी बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. तिला त्याच्याजवळ जायचं होतं, पण खिडकीपाशीच काय ती नीट रेंज यायची. नदी मोठी होती आणि अजून निम्मीसुद्धा फोनवर उतरली नव्हती, म्हणून फोन धरून ती तिथेच उभी राहिली.