जाळी धुतली, मी मेलो

मी एक जुना फ्रीज आहे. जुना आहे, नासका नाही. हे आधीच सांगतो, कारण धाकटी डहाणू गावात माझं नाव नासक्यांत गेलं आहे.

मित्रांनो, फ्रीज गारवा बनवत नाही. तो आतली गरमी उचलून बाहेर फेकतो. माझ्यासारख्या जुन्या फ्रीजच्या पाठीवर त्यासाठी काळी जाळी असते. ती मोकळी हवी, एवढंच माझं मागणं.

मी शांतीकाकूंच्या घरी होतो. त्या मासे विकायच्या, नवरा सदानंद होडीवर जायचा. त्यांची मुलगी रुपल तापली तेव्हा तिच्या कपाळावरचा बर्फ माझा होता. तेव्हा काकू म्हणायच्या, "आमचा फ्रीज म्हणजे घरचा माणूस!"

रुपलचा साखरपुडा ठरला. बोर्डीच्या पाहुण्यांना पापलेटच वाढायचं, असं काकूंनी ठरवलं. मोठं पापलेट हल्ली सहज मिळत नाही. एखादं आलं की त्या ते न विकता माझ्याकडे ठेवायच्या. पण माझ्या पाठीवर धूळ आणि खाऱ्या हवेचा थर साचला होता, गारवा कमी पडत होता. काकूंनी मेकॅनिक जिग्नेशला फोन लावला.

तो म्हणाला, "काकी, मागची जाळी साफ करा. जाळीला हवा लागली पाहिजे."

कोळ्याच्या घरात जाळी म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा!

"ऐकलंत?" काकू ओरडल्या. "परसातली जाळी धुवा. त्यांच्या वासानं फ्रीज बिघडलाय म्हणे."

"जाळ्याला वास नाही येणार तर काय अत्तर येणार?" सदानंद म्हणाला. पण धुतली.

"आता हवा कुठे लावू?"

"फ्रीजच्या मागून गरम हवा येते की. तिथंच टांगा, लवकर सुकतील."

ओली जाळी माझ्या पाठीवर आली. मी गुदमरलो. कॉम्प्रेसर तापून बंद पडायचा, थोडा निवला की पुन्हा धडपडायचा. शेवटी धडपडही थांबली. साखरपुड्याच्या सकाळी दार उघडलं, तर सगळी पापलेटं नासलेली. पाहुण्यांना वरणभात वाढला. काकू रडल्या आणि मला लाथ घातली. "मेल्या, आजच मरायचं होतं?"

हा घाव मी सोसला. त्यांना कळलं नव्हतं.

पण दुरुस्तीला आलेल्या जिग्नेशला कळलं. त्यानं मला पुढे ओढलं, जाळी पाहिली, गालात हसला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला, काकी. नवा घ्या. हे भंगार मी नेतो."

दुकानात नेऊन त्यानं माझी पाठ ब्रशनं घासली, वर निळा रंग मारला. मी पहिल्यासारखा चालू लागलो.

परवा शांतीकाकू नव्या फ्रीजचं स्टँड घ्यायला आल्या. जिग्नेशनं माझ्यातली बाटली दिली. त्या घटाघट प्यायल्या.

"किती गार रे! आमच्या मेल्यानं नाक कापलं बघ."

"तो बादच होता, काकी," जिग्नेश म्हणाला. माझ्याच दाराला टेकून.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुणी तुमच्या घरातली वस्तू मेली म्हणून उचलू लागला, तर दारात आडवे व्हा. म्हणा, आधी आमच्यासमोर उघड, काय बिघडलं ते दाखव, मग ने.