पाडव्याची कडू काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात म्हणा. पण माझ्यात पीठ मळलं गेलं ते एकदाच. बोरीजवळच्या आमच्या गावात भुजंग सुताराला सागवान मिळालं नाही, म्हणून त्यानं मला कडुनिंबाच्या बुंध्यातून कोरलं. पहिल्याच दिवशी घरधनी आबासाहेबांनी भाकरीचा घास तोंडात घातला आणि कडू म्हणून ताट सरकवलं. त्यांची बायको कस्तुराबाई तेव्हा नवी नवरी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ही काठवट न्हाई, माही सवत हाय."

तरी तिनं मला चुलीत घातलं नाही. पितळेच्या भांड्यात आंबट कळकतं, म्हणून पाडव्याचा घोळाणा माझ्यात करायचं ठरलं. चिंचेचा कोळ, गूळ, कैरीचा कीस, डाळं, खोबरं आणि वर निंबाचा मोहोर. गुढी उभारली की सगळ्यांनी द्रोण भरून प्यायचा, मगच नवं साल लागायचं. बाकी वर्षभर मी आढ्याला टांगलेली, धूर खात. पण त्या एका सकाळी सगळं घर माझ्याभोवती गोळा व्हायचं. तो चिंचगुळाचा वास आठवला की अजून जीव हळवा होतो.

त्या घरात एक रीत होती. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. ज्याला पुढं राहायचं, त्यानं कस्तुराबाईच्या हातचा घोळाणा प्यायचा. ज्याला जायचं, त्यानं आपला द्रोण पालथा ठेवायचा. तंटा नाही, बखेडा नाही. येडबा नावाचा सालगडी तर दरवर्षी बोटं चाटत म्हणायचा, "वैनी, आजून वाढा."

मग रझाकारांचे दिवस आले. श्रावणात घरची माणसं जीव मुठीत धरून वऱ्हाडात निघून गेली. चांद्या बैल पायानं अधू होता, त्याला चालवेना. त्याच्यासाठी येडबा मागे राहिला. लुटारूंनी तांबं-पितळ सगळं नेलं. मलाही एकानं उचललं, हुंगलं आणि फेकून दिलं. कडूपणा कधी कामाला येईल, सांगता येत नाही.

पुढं चांद्याचं कोंडापाणी माझ्यातच. तो आजारी पडला तेव्हा येडबा निंबाचा पाला वाटून माझ्यात कालवायचा आणि त्याचं तोंड मांडीवर घेऊन पाजायचा. चांद्या काही वाचला नाही. येडबानं एकट्यानं त्याला पुरलं, घरी आला आणि मला उराशी धरून रडला. मी पडले लाकूड. मी काय समजूत घालणार?

पोलीस ॲक्शन झाली, माणसं परतली. आबासाहेबांनी रिकामी दावण पाहिली. "चांद्याला कुणाला इकलास?"

"मेला, मालक."

"मंग पुरलास कुठं, दाव."

येडबा ताठ झाला. "माही जबान बस न्हाई का? खड्डा उकरून दावू?"

त्या दिवसापासून दोघांत कामापुरतंच बोलणं राहिलं. येडबा पाडव्याला जाणार, हे साऱ्या गावानं धरून ठेवलं. मला तर त्या वर्षी पाडवा येऊच नये असं वाटत होतं.

पाडव्याच्या सकाळी कस्तुराबाईनं मला धुवायला खाली काढलं. माझ्या फटीत चांद्याचे पांढरे केस आणि वाळलेला पाला अडकलेला होता. तिनं मला तसंच नवऱ्यापुढं नेऊन ठेवलं. "इकायच्या बैलाला कुणी पाला पाजीत बसतं व्हय?"

आबासाहेब केसांकडं बघत राहिले. चूक कळली, पण गड्यापुढं ती कबूल करायला जीभ वळेना.

गुढी उभारली. येडबानं आपला द्रोण आधीच पालथा ठेवला होता. तेव्हा कस्तुराबाईनं मला त्याच्यापुढं सरकवलं. "येडबा भाऊ, औंदा म्या वाढत न्हाई. मालकाला तुमी वाढा."

येडबाचा हात थबकला, पण त्यानं वाढलं. आबासाहेबांनी दोन्ही हातांनी द्रोण घेतला आणि सगळा पिऊन टाकला. मग खाली वाकून त्यांनी येडबाचा पालथा द्रोण आपल्या हातानं सुलटा केला. येडबानं तो पुढं धरला. चांद्याला कुठं पुरलं, हे आबासाहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढं येडबानं मेंढरं वाढवली, स्वतःचं रान केलं. घर सोडताना त्यानं फक्त मला मागून घेतलं. आता त्याच्या घरी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली आहेत आणि त्याची बायको कासाबाई माझ्यात अंड्यांवर कोंबडी बसवते. मानाची गोष्टच काढू नका. पण पाडव्याला मी घासूनपुसून लख्ख होते, आणि आबासाहेब काठी टेकत घोळाणा प्यायला येतात.

यंदा द्रोण हातात घेऊन ते म्हणाले, "येडबा, चांद्याला कुठं पुरलास रं? आता पाया पडाया इचारायलोय."

"तुमच्याच बांधावर, मालक. वर म्या निंब लावला. ज्याच्या सावलीला तुमी रोज न्ह्यारी करता, त्योच. ह्यो मोहोरबी तिथलाच हाय. लय दिसांपासून त्योच खायलात तुमी."

आबासाहेबांनी द्रोणाच्या तळाला चिकटलेलं शेवटचं फूल बोटानं काढलं आणि तोंडात ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, मला वाळवी शिवत नाही, पण चुलीत मी सहज जाऊ शकते. अधूनमधून तेलाचं बोट फिरवलंत तरी मला पुष्कळ. आणि तुमच्या घरात असं एखादं टाकाऊ भांडं असेल, तर सरपणात घालण्याआधी घरच्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा, त्यातून कुणी कुणाला काय पाजलं होतं.