काठ्या तिकडेच असतात

मित्रांनो, मी तंबू आहे. वय वर्षं सव्वीस. कापड जाड, रंग कधी काळी हिरवा होता, आणि अंगाला वास येतो तो धुराचा, कांद्याचा आणि ओल्या कापडाचा. या वासाची मला लाज नाही. ज्याला नाक मुरडायचंय त्याने खुशाल मुरडावं.

माझा जन्म ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारखान्यात झाला. तिथे कामाला एक बाई होती, तिला तिच्या घरात सगळे आत्या म्हणतात. रंग नीट चढला नाही म्हणून मालकाने फेकायला काढलेलं कापड तिने मागून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत, आठ दिवस खपून, मला शिवलं. माझ्यापायी मशिनच्या अकरा सुया मोडल्या. तंबू कसा शिवतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून माझ्या दाराला शर्टासारखी चौदा बटणं आहेत. घाईची लागलेल्या माणसाला चौदा बटणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

दर वर्षी मी डोंगरातल्या जंगलात, नदीकाठच्या मैदानावर जायचो. बरोबर आत्या, तिचा भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. पहिल्या वर्षी परतताना बसवाल्याने माझे तीन बांबू टपावर चढवू दिले नाहीत. ते मैदानाच्या राखणदाराने आपल्या माळ्यावर ठेवून घेतले, आणि तिथेच राहिले. तेव्हापासून घरात कायदाच झाला: तंबू आपण न्यायचा, काठ्या तिकडेच असतात. भाची हे ऐकतच मोठी झाली.

आणि काय ते दिवस होते! झाडांतून धुकं खाली यायचं, आत चहाचा वास भरायचा. आत्या सगळ्यांच्या आधी उठून नदीत पाय सोडून बसायची. वर्षभर मशिन मारून सुजलेले पाय. त्या गार पाण्यात ती एकटीच हसायची. वर्षातून चार दिवस. बाकी तिने कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग भाचीचं लग्न झालं. भाऊ-वहिनी थकले, घरीच राहू लागले. जावई आले, त्यांची गाडी आली, नात आली, आणि यंदा नवा तंबू आला. नारंगी, हलका, चेनच्या दाराचा. मला गाडीच्या डिकीत अंथरलं, वर स्टोव्ह ठेवला. डिकीला ओरखडे नकोत ना! मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा. मैदानावर पोचल्यावर भाचीने आत्याच्या हातात किल्ली ठेवली.

"वरच्या इमारतीत तुझ्यासाठी खोली घेतलीय, आत्या. खाट आहे, गरम पाणी आहे."

"आणि नदी?"

"नदी इथून दिसतेच की दिवसभर. रात्री जमिनीवर झोपणं आता झेपायचं नाही तुला."

"मला विचारलंस?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच."

भल्यासाठी! हा शब्द तोंडावर फेकून माणसं माणसांना उचलून बाजूला ठेवतात, आणि वर उपकार केल्यासारखी बघतात. आत्याने किल्ली पिशवीत टाकली आणि ती दगडावर बसून राहिली.

इकडे जावयांनी नवा तंबू अंथरला, पिशवी उलटी करून झटकली. आत काही नाही.

"काठ्या कुठायत?"

"काठ्या तिकडेच असतात," भाची म्हणाली, आणि लगबगीने राखणदाराकडून तीन बांबू घेऊन आली. मनगटाएवढे जाड.

जावई बांबूंकडे बघत राहिले. नव्या तंबूला बोटाएवढ्या, वाकणाऱ्या काठ्या लागतात.

"मी लांबट पिशवी गाडीत ठेवली होती सकाळी."

"ती होय? ती मीच काढली. म्हटलं, उगाच ओझं कशाला."

सहा वर्षांची नात पोट धरून हसली. तिला गप्प करता करता भाचीलाही हसू फुटलं. जावई तेवढे हसले नाहीत.

आत्या उठली. "डिकीतला तंबू काढा."

मला बाहेर ओढलं. छपराला ताटलीएवढं भोक. उंदरांची कृपा.

"आत्या, याला भोक आहे," जावई म्हणाले.

"दिसतंय मला, जावईबापू. तुमच्या तंबूची पिशवी द्या."

"नवीन आहे हो ती."

"तंबू उभा राहतोय का तुमचा?"

जावयांनी मुकाट्याने पिशवी दिली, कात्रीही दिली. आत्याने पर्समधून दाभण आणि मेण लावलेला दोरा काढला. ताडपत्र्या शिवणारी बाई त्याशिवाय घराबाहेर पडत नाही. ऊन डोंगराआड जायच्या आत माझ्या डोक्यावर नारंगी ठिगळ बसलं आणि मी ताठ उभा राहिलो. खरं सांगतो, मला ते शोभतं.

"आता ऐका," आत्या म्हणाली. "तंबू माझा. आत कोण झोपणार ते मी ठरवणार. मी, ही आणि नात. वरच्या खोलीत जावईबापू. गरम पाणी आहे तिथे."

जावयांनी एकदा इमारतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मला दाराशी जागा द्या आत्या, पाय बाहेर राहिले तरी चालतील. आणि खोलीचं चुकलं आमचं. विचारायला हवं होतं."

"हं," आत्या म्हणाली. "सरका मग तिकडे."

सकाळी चौघांचे आठ पाय नदीत होते. जावयांचे दात वाजत होते, तरी ते उठले नाहीत. राखणदार किल्ली मागायला आला.

"खोली आवडली नाही का ताई?"

"कुणास ठाऊक," आत्या म्हणाली. "उघडलीच नाही."

मित्रांनो, मला ओला असताना घडी घालू नका, बुरशी धरते. उंदरांपासून उंचावर ठेवा. आणि कुणाच्या भल्याचं ठरवायला बसाल तेव्हा आधी त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा. मला न विचारता डिकीत अंथरलंत, ते एक वेळ सोडून देतो. मी कापड आहे. आत्याला तोंड आहे.